दहा वजा तीन अधिक दोन

सात आठे चौपन्न.

नोएडा, सेक्टर त्रेसष्ट. काचेची इमारत. लिफ्टमध्ये बारानंतर चौदाचं बटण येतं. तेरावा मजला अशुभ म्हणून गाळला आहे. चौदाव्यावर बसणारे खरं म्हणजे तेराव्यावरच बसतात, पण तसं त्यांना कुणी सांगत नाही.

पानिपतचा एक चादरींचा व्यापारी दुकानाचं शटर अर्धं वर करून मोबाइलवर टाइप करतो: “मैडम, छप्पन. छप्पन होता है. आपको नौकरी किसने दी?”

भिजवलेले बदाम, साल काढून, डब्यात.

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज एकशे नव्वद अंश. मागे तबला.

पटपडगंजचा भाजीवाला दुधी तोलता तोलता: “आंटीजी, वो गलत पढ़ाने वाली मैडम आपकी ही बेटी है ना? हमारा लड़का रोज़ देखता है.”

*

ज्यांना भाजीवाल्याने आंटीजी म्हटलं त्या लतिकाबाई. बदाम त्यांनी सोलले, नवऱ्याच्या सांगण्यावरून. नवरा म्हणजे पद्माकर सर. सरोजिनी नगरच्या मागे सरकारी क्वार्टर्सच्या वस्तीत एके काळी एक मराठी शाळा होती. सचिवालयातल्या मराठी कारकुनांची मुलं तिथे जात. कारकून निवृत्त होऊन पुण्याला गेले, मुलं इंग्रजी शाळेत गेली, शाळा बंद पडली. त्या जागी आता लग्नाचा हॉल आहे. पण ती चालू होती तोवर पाचवी ते सातवीचं गणित पद्माकर सरांकडे होतं आणि चूक या गोष्टीशी त्यांचं वैयक्तिक वैर होतं.

बदाम नीरजासाठी. सर म्हणाले होते, “पोरीच्या डोक्यावर ताण आलाय. सात आठे चौपन्न म्हणाली. आपली नीरजा! परवा त्रिकोणात दहा अंश जास्त घातले. तिला सांग, झोप घे.”

“तुम्हीच सांगा ना.”

“मी कमेंटमध्ये लिहिलंय.”

लिहिलं होतंच. सर मुलीच्या प्रत्येक व्हिडिओखाली लिहीत. शाळेच्या तपासणीची सवय. फक्त लाल पेनच्या जागी अंगठा आला होता.

“चि. नीरजा, ७ × ८ = ५६. घाईत झालं असावं. प्रकृतीची काळजी घे. – बाबा.”

त्याखाली लखनौच्या, इंदूरच्या, गाझियाबादच्या लोकांनी दाद दिली. “अंकल ने पकड़ लिया.” “अंकल ऑन फायर.” सरांनी लतिकाबाईंना विचारलं, “आग कुठे लागलीय?”

*

आता नीरजा.

नीरजा डॉक्टरेट झालेली. ग्रेटर नोएडाच्या एका खाजगी विद्यापीठात ती दहा वर्षं अशा मुलांना कॅल्क्युलस शिकवत होती, ज्यांना हजेरी हवी होती. मग तिने नोकरी सोडली आणि ठरवलं, गणित व्हिडिओंतून सगळ्यांपर्यंत न्यायचं. मूळसंख्या कधी संपत नाहीत याची सुंदर सिद्धता तिने दीड मिनिटात बसवली. एकही शब्द जास्त नाही, एकही पायरी गाळलेली नाही. ती बघायला आले नवरा, आई, बाबा, मुंबईची एक मैत्रीण आणि केस गळतीवरचं तेल विकणारा एक गृहस्थ. त्याने खाली तेलाची लिंक टाकली. सगळ्यांत जास्त प्रतिसाद त्या लिंकला मिळाला.

मग एकदा बोलता बोलता तिची जीभ घसरली. सात आठे चौपन्न. तिच्या लक्षातही आलं नाही. सकाळी उठून बघते तो देश जागा झालेला. ज्या देशात दुकानदार दोन आणि तीनची बेरीज कॅल्क्युलेटरवर करतो, तो देश सात आठे छप्पन असतात हे सांगायला रांग लावून उभा होता. कुणी पाढा पूर्ण लिहिला होता. कुणी आजोबांकडून शिकलेली युक्ती सांगितली होती. कुणी पंचवीसपर्यंतचे पाढे म्हणतानाचा स्वतःचा व्हिडिओ जोडला होता.

सेक्टर त्रेसष्टमधल्या चौदाव्या, म्हणजे तेराव्या, मजल्यावर परीक्षितची एजन्सी होती, व्हिडिओ करणाऱ्यांना प्रेक्षक मिळवून देणारी. त्याने नीरजाला बोलावून घेतलं. परीक्षित पुण्याचा, एमबीए, दिल्लीत येऊन इतकी वर्षं झाली होती की पुण्याचा माज आणि दिल्लीचा आवाज दोन्ही त्याच्याकडे होते.

“नीरजा, यार, समजून घे,” तो म्हणाला. “लोकांना गणित नको असतं. लोकांना दुसऱ्याचं चुकलेलं गणित हवं असतं. तू बरोबर बोललीस की ते स्क्रोल करतात. चुकलीस की थांबतात. बिल्कुल सिंपल आहे.”

“म्हणजे मी मुद्दाम चुकायचं?”

“दर एपिसोडला एक. छोटीशी. मीठ असतं ना, तसं.”

नीरजाने दोन दिवस स्वतःशी वाद घातला आणि हरली. तिचा युक्तिवाद वाईट नव्हता. वर्गात तिने बरोबर शिकवलं तेव्हा एकाही मुलाने घरी जाऊन काही सोडवलं नव्हतं. ती चुकली तेव्हा लाखभर माणसांनी आपणहून गुणाकार केला. मग गणिताचा प्रसार नेमका कशाने झाला? हा प्रश्न बिनतोड होता, म्हणून तिने तो कुणालाच विचारला नाही. विशेषतः बाबांना.

त्यानंतर स्क्रिप्टमध्ये एक ओळ लाल अक्षरात येऊ लागली.

*

आणि आता ती गोष्ट जी नीरजाने कुणाला सांगितली नव्हती.

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी तो म्हणेल: कंचेभागुबेव. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. लांबलचक उदाहरण आलं की कुठली क्रिया आधी करायची, त्याचा हा मंत्र. पद्माकर सर तो वर्गाकडून तालावर म्हणून घेत.

फक्त त्यात एक खाच आहे. बेरीज आणि वजाबाकी या दोघी एकाच पायरीवर उभ्या असतात. डावीकडून जी आधी भेटेल ती आधी करायची. सर मात्र मंत्र जसाच्या तसा पाळत. ‘बे’ आधी, ‘व’ नंतर. त्यामुळे दहा वजा तीन अधिक दोन याचं उत्तर सरांच्या वर्गात पाच यायचं. आधी तीन अधिक दोन पाच, मग दहा वजा पाच. पाठ्यपुस्तकाच्या शेवटी उत्तर छापलेलं असे: नऊ. सर म्हणत, “छपाईची चूक आहे. खोडा.” आणि सगळा वर्ग पट्टी लावून पुस्तकातलं बरोबर उत्तर खोडून वर चुकीचं लिहीत असे. पुढच्या वर्षी तीच पुस्तकं धाकट्या भावंडांकडे जात. तीही आयती दुरुस्त केलेली.

नीरजाने हे अकरावीत ओळखलं. घरी येऊन बाबांच्या खुर्चीसमोर उभी राहिली. बाबा पेपर तपासत होते. चहा घेणार का, असं तिने विचारलं आणि आत गेली.

म्हणून तिच्या चॅनलवर सगळं होतं, पण कंसांची कोडी नव्हती. लोक विनवत. “मैडम, वो ब्रैकेट वाला सवाल डालो ना.” ती घालत नसे. तिला लाखो अनोळखी लोकांपुढे चुकायला काही वाटत नव्हतं. एका माणसाची चूक त्या माणसापुढे येऊ नये, एवढंच तिने आयुष्यभर सांभाळलं होतं.

*

बदाम पोहोचवायला सर स्वतः आले. नीरजाने डबा घेतला आणि बदाम फुकट जाऊ नयेत म्हणून खरं सांगितलं.

“बाबा, मी बरी आहे. त्या चुका मुद्दाम आहेत.”

सरांना ऐकू आलं होतं, तरी त्यांनी कान पुढे केला.

“मुद्दाम?”

“लोक दुरुस्त करतात. त्या निमित्ताने विचार करतात.”

“खडू हातात घेऊन मुद्दाम?”

“खडू नाहीये बाबा, टॅबलेट आहे.”

“नकळत चुकतो तो विद्यार्थी,” सर म्हणाले. “जाणूनबुजून चुकतो त्याला काय म्हणतात हे पाठ्यपुस्तकात नाही. ते पीनल कोडात बघ.”

बदामांचा डबा परत घेऊन ते मेट्रोने पटपडगंजला गेले. मुलीशी बोलणं बंद झालं. कमेंट चालूच राहिल्या. फक्त ‘चि. नीरजा’चं ‘महोदया’ झालं.

“महोदया, वर्तुळाचा परीघ व्यासाच्या चौपट नसतो. कळावे. – एक दर्शक.”

लतिकाबाई फोनवर म्हणाल्या, “अगं, दर्शक आज जेवले नाहीत नीट. तू चुकायचं जरा कमी कर ना. एका आड एक कर.”

*

“हा एक दर्शक कोण आहे?” परीक्षितने विचारलं. “त्याच्या कमेंटला तुझ्या व्हिडिओपेक्षा जास्त लाइक्स आहेत.”

“माझे बाबा.”

परीक्षित खुर्चीतून उठला. त्याला एकदम आनंद होतो तेव्हा तो उठतो. “चुकणारी मुलगी, पकडणारा बाप. लाइव्ह. दर रविवारी. नीरजा, तुला कळतंय का हे काय आहे?”

“नाही.”

“कळत नाहीये?”

“नाही म्हणजे करायचं नाही. बाबांना यात आणायचं नाही.”

“का?”

का ते सांगण्यासारखं नव्हतं. ती म्हणाली, त्यांना ब्लड प्रेशर आहे. परीक्षित म्हणाला अच्छा, आणि संध्याकाळी पटपडगंजला जाऊन सरांच्या पाया पडला. “सर, तुमची मुलगी देशभर चुकीचं पसरवतेय. तुम्ही शेजारी बसलात तर निदान तिथल्या तिथे दुरुस्त तरी होईल.” पुण्याचा माणूस; कुठे टाचणी लावायची ते त्याला माहीत.

सरांनी एकच अट घातली. चूक कुठे आहे ते आधी सांगायचं नाही.

“नाटक मला जमणार नाही,” ते म्हणाले.

कार्यक्रम सुरू झाला आणि चालला. सर इस्त्रीचा शर्ट घालून बसत. नीरजा शिकवू लागे. कुठेतरी लाल ओळ येई आणि सरांची पट्टी टेबलावर आपटे. “थांब!” देशभर लोक ‘थांब’ म्हणू लागले. हरियाणातल्या एका मुलीने ‘थांब’ म्हणजे काय, विचारलं. तिला दहा जणांनी दहा अर्थ सांगितले. आपला बाप आपल्याशी बोलतो, हे सुख नीरजाला रविवारी एक तास मिळू लागलं, तेही प्रायोजित.

एकदा मेकअप काढताना सर आरशाकडे बघत म्हणाले, “आजची चूक बरी होती. जरा खोल होती.”

ही शाबासकी होती. नीरजाला लहानपणी शंभरपैकी शंभर मिळवूनही ती मिळाली नव्हती.

*

मग तो रविवार.

एका कोचिंग ॲपने पैसे लावले होते, म्हणून दर्शकांचे प्रश्न घ्यायचे होते. परीक्षित कॅमेऱ्यामागून वाचत होता. तिसरा प्रश्न गाझियाबादहून.

“टेन माइनस थ्री प्लस टू. मेरी बीवी बोलती है नौ, मैं बोलता हूँ पाँच. सर फ़ैसला करें.”

नीरजा म्हणाली, “पुढचा घेऊ या, हा सोपा आहे.”

“सोपा आहे म्हणूनच घेऊ या,” सर म्हणाले. “सोप्यातच माती खातात.” त्यांनी टॅबलेटची पेन्सिल घेतली. “ऐका बेटा. नियम है. कंचेभागुबेव. पहले बेरीज. तीन और दो पाँच. दस में से पाँच गए, पाँच. आप सही हैं. पत्नी से कहिए, प्यार से कहिए, पर कहिए.”

पडद्याच्या कडेला कमेंट धावू लागल्या. परीक्षितने दोन्ही अंगठे वर केले.

 नीरजापुढे दोन वाटा होत्या. मान डोलवायची, म्हणजे एवढ्या चुका मुद्दाम केल्या त्यात आणखी एक. कुणाला कळणार नाही. नाहीतर बोलायचं. ती मान डोलवणारच होती. पण बाबांनी तिच्याकडे बघितलं, पट्टीवर हात ठेवून, आणि विचारलं, “बरोबर ना?” शाळेत सर असं कुणालाच विचारत नसत.

“थांब,” नीरजा म्हणाली. आणि मग, “म्हणजे, थांबा, बाबा. नऊ.”

“पुन्हा बघ.”

“बघितलं. मेट्रोच्या डब्यात दहा माणसं आहेत. बॉटॅनिकल गार्डनला तीन उतरली, दोन चढली. आता किती?”

सर उत्तर देणार होते. तोंड उघडलंही. त्या डब्यात त्यांनी माणसं मोजली असणार, कारण त्यांची नजर हवेत एका जागी थांबली आणि मग हळूच खाली आली.

“नऊ,” ते म्हणाले.

आणि थोड्या वेळाने, माइक चालू असताना: “मग पुस्तकात बरोबर होतं?”

*

कमेंटमधून:

“क्या एक्टिंग है भाई.”

“इस बार मिस्टेक अंकल ने डाली. ट्विस्ट!”

“चेहरा देखो अंकल का, रोंगटे खड़े हो गए.”

“स्क्रिप्ट किसने लिखी है?”

*

“सर!” परीक्षितने त्यांना मिठी मारली. “मुद्दाम केलंत ना? मला आधी सांगायचं तरी! काय पॉज घेतलात!”

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. एवढी स्वच्छ, वातानुकूलित पळवाट पद्माकर सरांच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणी उघडून धरली होती.

“नाही,” सर म्हणाले. “मुद्दाम नाही.”

परीक्षित हसत सुटला. “सर, तुम्ही अजून कॅरेक्टरमध्येच आहात!”

टॅक्सीत बापलेक मागे बसले. नोएडा-दिल्ली सीमेवरच्या ट्रॅफिकमध्ये सर म्हणाले, “तुला माहीत होतं.”

“हो.”

“कधीपासून?”

“अकरावी.”

“आणि मला कमेंटसुद्धा टाकली नाहीस.”

नीरजाला हसू आलं आणि ते लगेच गेलं. “तुम्ही पेपर तपासत होतात, बाबा.”

“ते सगळे पेपर...” सर म्हणाले. टॅक्सीवाल्याने आरशातून बघितलं. “सर जी, आप वो थांब वाले हैं ना?”

*

माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पद्माकर सरांनी लिहिलं:

“सर्वांस, बेरीज व वजाबाकी समान पायरीवर. डावीकडून करणे. मी आपणांस चुकीचे शिकवले. पुस्तकातली खोडलेली उत्तरे बरोबर होती. कृपया दुरुस्त करून घ्यावे. – पद्माकर.”

डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणाऱ्या पिवळ्या चेहऱ्यांनी पडदा भरला. विनयने, तो आता गुडगावात विमा कंपनीत मोठा साहेब आहे, लिहिलं: “सर, प्रमोशन जबरदस्त. पुढच्या रविवारी फॅमिलीसकट बघतोय.”

सरांनी कुमुदला फोन लावला. कुमुद वर्गात पहिली येत असे.

“कुमुद, मी गंमत करत नाहीये.”

“हो हो सर, बिल्कुल नाही!” कुमुद हसायची थांबत नव्हती. “काय टायमिंग आहे तुमचं!”

“अगं, तुला मी पुस्तकातलं उत्तर खोडायला लावलं होतं. आठवतं?”

“आठवतं ना, सर. म्हणजे हा जोक तेव्हापासूनचा आहे? ग्रेट!”

सरांनी फोन ठेवला. लतिकाबाई म्हणाल्या, “नाही विश्वास ठेवत तर सोडून द्या. चुकीचा जाब विचारायला कुणी येत नाहीये, हे चांगलंच की.”

“लतिका, ती मुलं आता हेच जोक म्हणून पुढे शिकवतील.”

*

पुढच्या रविवारी सर स्टुडिओत आले. परीक्षितने लाल ओळ दाखवायला कागद पुढे केला. यापुढे चुका सरच करणार, असं त्याने परस्पर ठरवलं होतं. सरांनी कागद घडी करून खिशात ठेवला. टॅबलेट बाजूला सारला. एक फळा आणायला सांगितला. सेक्टर त्रेसष्टमध्ये फळा मिळेना. शेवटी कँटीनमधला मेन्यूचा फळा पुसून आणला. राजमा-चावलची किंमत कोपऱ्यात राहिली.

त्यांनी लिहिलं: १० − ३ + २.

आणि शिकवलं. सावकाश. मेट्रोचा डबा काढला, माणसं काढली, उतरवली, चढवली. मंत्र का बनवला असेल ते सांगितलं, तो कुठे फसवतो ते सांगितलं, आपण कुठे फसलो ते सांगितलं. दुसरं उदाहरण घेतलं, तिसरं घेतलं. नीरजा फळ्याशेजारी डस्टर धरून उभी होती.

पडद्याच्या कोपऱ्यातला दर्शकांचा आकडा उतरू लागला. परीक्षित कॅमेऱ्यामागून ओठांनी विचारत होता: मिस्टेक कहाँ है? सरांनी माइकमध्येच सांगितलं, “नहीं है.”

आकडा आणखी उतरला. जे उरले ते खिळून बसले होते. “पाँच बार देख लिया,” एकाने लिहिलं, “गलती मिल नहीं रही. इस बार बहुत डीप है.” दुसऱ्याने शंका काढली की चूक मेट्रोच्या डब्यांच्या रंगात असावी. तिसऱ्याला राजम्याचा भाव संशयास्पद वाटला.

सरांनी शेवटच्या उदाहरणाखाली दोन रेघा मारल्या आणि मुलीकडे वळले.

“बरोबर?”

नीरजाने फळा वरून खालपर्यंत तपासला. सगळा. राजम्यासकट.

“बरोबर,” ती म्हणाली.

पद्माकर सरांची नेमणूक १९७९ साली इतिहासाचे शिक्षक म्हणून झाली होती. गणिताचे तास त्यांना दुसरे शिक्षक मिळेपर्यंत तात्पुरते दिले होते.